‘पोरकट’ हा शेरा अपमानकारक ठरतो का?

प्रश्न

मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवते. एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात मी ‘अभ्यास चांगला, वागणे थोडे पोरकट’ असा शेरा लिहिला. मुलगा बारा वर्षांचा आहे, तेव्हा तो अजून लहान मुलासारखा वागतो एवढेच मला सुचवायचे होते. त्याचे वडील मात्र भेटायला आले आणि या शब्दाने मुलगा फार दुखावल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. ‘पोरकट’मध्ये निंदा असतेच का? ‘बालिश’ लिहिले असते तर ते सौम्य झाले असते का?

प्रतिसाद १

निंदा आहे, आणि ती ‘पोर’ या शब्दापेक्षा ‘कट’ या प्रत्ययातून अधिक येते असे मला वाटते. तेलकट, मळकट, धुरकट हे शब्द पाहा. तेलात तेल असणे हा दोष नव्हे, पण पुरीला किंवा हाताला नको तितके तेल राहिले की आपण ती पुरी, तो हात तेलकट म्हणतो. (‘मातकट’ मात्र नुसता रंग सांगण्यासाठीही वापरतात, हे मान्य करायला हवे.) त्याच न्यायाने, जिथून पोरपण एव्हाना जायला हवे होते तिथे ते चिकटून राहिले आहे, असा ‘पोरकट’चा अर्थ होतो. म्हणूनच चार वर्षांच्या मुलाला कोणी पोरकट म्हणत नाही. चाळिशीच्या माणसाला म्हणतात. बारा वर्षांचा मुलगा नेमका उंबरठ्यावर असतो, आपण मोठे झालो आहोत हे इतरांनी मानावे अशी त्याची धडपड चाललेली असते, आणि त्या वयात हा शब्द इतर कोणत्याही वयापेक्षा जास्त लागतो. केवळ वय सांगायचे असेल तर ‘पोरसवदा’ हा निर्दोष शब्द आहे, पण तो वागण्याला लावता येत नाही.

प्रतिसाद २

‘बालिश’ सौम्य नाही, उलट अधिक कठोर आहे. संस्कृतातच त्याला ‘मूर्ख’ हा अर्थ आहे आणि अमरकोशात तो मूर्ख, मूढ यांच्याच पंक्तीत बसलेला आढळतो. मोरोपंतांची ‘बालिश बहु बायकांत बडबडला’ ही ओळ विराटपुत्र उत्तराविषयी आहे. कौरवांनी गायी पळवल्या तेव्हा तो अंतःपुरात शौर्याच्या गप्पा मारतो आणि प्रत्यक्ष सेना दिसताच रथातून उडी टाकून पळू लागतो. तिथे ‘बालिश’ म्हणजे कोवळ्या वयाचा आणि बुद्धीनेही कच्चा, असे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आजही आपण युक्तिवादाला किंवा मागणीला बालिश म्हणतो, तेव्हा आक्षेप समजशक्तीवरच असतो. ‘पोरकट’चा आक्षेप प्रामुख्याने वागण्यावर असतो. त्यामुळे दोहोंत आपण निवडलेला शब्द कमी बोचरा होता. कौतुक अभिप्रेत असेल तर ‘बालसुलभ’ आहे, पण तो कुतूहल, उत्साह अशा गुणांना शोभतो, वर्गातल्या गोंधळाला नव्हे.

प्रतिसाद ३

एक गोष्ट जोडतो. आमच्या घरी आई वडिलांना ‘काय हा पोरकटपणा!’ असे हसत म्हणायची आणि त्यात मायाच असे. पण ती माया आवाजात आणि चेहऱ्यावर होती. प्रगतिपुस्तकातील शेऱ्याला आवाज नसतो, आणि तो घरातले सगळे वाचतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘कट’ प्रत्ययाचा मी असा विचार कधीच केला नव्हता. खरे तर माझी तक्रार एवढीच होती की तो शेजारच्या मुलाची कंपासपेटी लपवतो आणि दुसरी मुले उत्तर देत असताना मध्येच बोलतो. उद्या त्याला भेटून तो शेरा खोडते आणि ‘इतरांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे’ असे लिहिते. कंपासपेटीचे मी त्याच्याशी तोंडीच बोलेन.