'सेंद्रिय आकाराचे टेबल' आणि 'हस्तनिर्मित' फरशी

अनुवादिका : गृहसजावटीवरील एका लेखाचे भाषांतर करताना मी 'ऑर्गॅनिक आकाराचे टेबल' या शब्दांपाशी अडले आहे. 'सेंद्रिय आकाराचे' असे लिहिले, तर संपादकांनी 'हे टेबल शेणखतावर वाढवले आहे काय?' असा शेरा समासात मारला. नदीतल्या गोट्यासारखा, कोपरे नसलेला आणि दोन्ही अंगांनी सारखा नसलेला आकार मराठीत कसा सांगावा? त्याच लेखात 'हस्तनिर्मित' हा शब्द अकरा वेळा आला आहे, तोही खटकतो.

व्युत्पन्न : शेरा मार्मिक असला, तरी त्यात शब्दाचा दोष नाही. सेंद्रिय म्हणजे स + इंद्रिय. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही साधन किंवा अवयव असाच आहे. खतांनी बळकावला म्हणून नेमका शब्द सोडून देणे मला पटत नाही.

रंधा : वाचकाला आधी खत आठवत असेल, तर व्युत्पत्ती सांगत बसण्यात अर्थ नाही. भांड्याला घाट असतो, तसा टेबलालाही असतो. 'मोकळ्या घाटाचे टेबल' म्हणावे. 'हस्तनिर्मित' तर मला आळशी शब्द वाटतो, कारण हाताने नेमके काय केले हे तो सांगतच नाही. मराठीत त्यासाठी '-ईव' प्रत्ययाची अख्खी रांग उभी आहे : घडीव, कोरीव, घोटीव, कातीव. घडीव लोखंड आणि ओतीव लोखंड यांतला फरक एका शब्दात कळतो.

अनघड : या आळसाचा फायदा विकणारे घेतात. मी हौसेने मातीच्या बारा फरश्या आणल्या, खोक्यावर ठळक 'हस्तनिर्मित' होते. प्रत्येकीवर अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा होता, म्हणून मी हरखलो. जमिनीवर ओळीने मांडल्या तेव्हा बाराही खळगे डाव्या खालच्या कोपऱ्यात, त्याच खोलीचे आणि त्याच तिरकसपणाचे निघाले. साच्यालाच अंगठा होता! खरा हात असा एकसारखा चालत नाही. चुन्याचा हातच पाहा : हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो वाळून घट्ट होतो, आणि भिंतीने पाणी कुठे किती ओढले, कुंचला कुठे रेंगाळला, त्याप्रमाणे छटा उमटते.

व्युत्पन्न : एकसारखेपणा म्हणजे यंत्र, हे समीकरण टिकत नाही. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या, 1861 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे पानाफुलांचे भिंतकागद लाकडी ठशांनी हातानेच छापले जात, आणि नक्षी मात्र ठरावीक अंतराने तीच येई.

अनघड : तिथे ठसा स्वतःला ठसाच म्हणवत होता. माझ्या फरशीचा अंगठा खोटे बोलत होता.

कुंडीवाली : मला 'बायोफिलिक'ची अडचण आहे. एरिक फ्रॉमने मानसशास्त्रात वापरलेली ही संज्ञा जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सनने 1984 मध्ये, सजीवांकडे असलेली माणसाची उपजत ओढ या अर्थाने, लोकांपर्यंत नेली. आमच्याकडे तिला 'निसर्गस्नेही' करतात आणि वाचक ते 'पर्यावरणस्नेही' असे वाचतो. प्लास्टिकची वेल निसर्गप्रेरित नक्कीच आहे, पण पर्यावरणाशी तिचा स्नेह कसला?

व्युत्पन्न : 'जीवप्रेमी' म्हणावे.

कुंडीवाली : मग भिंतच जीवप्रेमी होईल आणि माणूस बाजूला राहील. मी 'हिरवाईला, उजेडाला जागा देणारी मांडणी' असे लांबवून लिहिते. लांब असले, तरी खोटे नाही.

अनुवादिका : मी 'मोकळ्या घाटाचे' असे लिहून पाठवले. संपादकांनी 'कोणत्या नदीचा घाट?' असे विचारले आहे. कोणी दुसरे काही सुचवील का?

व्युत्पन्न : रंधा यांना एक विचारायचे राहिले. 'कातीव' वस्तू चरकावर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, उतरते, आणि चरक हे यंत्रच आहे. मग तुमच्या रांगेत तिला जागा कशी?

रंधा : चरक फिरतो, पण पटाशी किती दाबायची हे हातच ठरवतो. विजेचा चरक असला तरी त्यावर उतरलेल्या टेबलाच्या पायाला मी 'कातीव'च म्हणेन. आकडे भरून आपोआप कापणाऱ्या यंत्रातून तोच पाय निघाला तर काय म्हणावे, हे मात्र मी अजून ठरवलेले नाही.