कोळंबीचं ‘रोगमुक्त बीज’ आणि ‘रोगप्रतिकारक बीज’: दोन्ही एकच का?

प्रश्न: कोळंबीपालनाची एक माहितीपुस्तिका मराठीत आणतोय. मूळ पुस्तिकेत बियाण्यासाठी, म्हणजे तळ्यात सोडायच्या कोळंबीच्या पिल्लांसाठी, रोगमुक्त, रोगप्रतिकारक, रोगसहिष्णू असे तीन प्रकार आहेत. तिन्हींना ‘रोगप्रतिकारक’ चालेल का? शिवाय ‘कोळंबीच्या रक्तातील प्रतिपिंडे’ हे बरोबर वाटतं का?

उत्तर: एकच शब्द अजिबात वापरू नका, वाचणाऱ्याचं अख्खं तळं जाईल. ‘रोगमुक्त’ म्हणजे ठरावीक रोगजंतूंची तपासणी झाली आणि ते सापडले नाहीत, बस्स. पुढे तोच रोग होणार नाही, अशी हमी त्यात नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तळ्यात शिरला तर रोगमुक्त बीजही मरतं, आणि तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी दगावू शकते. ‘रोगप्रतिकारक’ कोळंबी जंतूला अंगात सहजासहजी वाढू देत नाही. ‘रोगसहिष्णू’ कोळंबीच्या अंगात जंतू असतो, तरी ती तग धरते. म्हणजे धडधाकट दिसणारी कोळंबीही शेजारच्या तळ्याला रोग देऊ शकते. हा फरक पुस्तिकेत ठळक छापा.

‘प्रतिपिंडे’ (ठरावीक जंतूला ओळखून त्याला चिकटणारी रक्तातली प्रथिने) मात्र खोडाच. कोळंबीत ती तयारच होत नाहीत. तिची सगळी मदार रक्तपेशींवर. कवचाला इजा झाली की त्या तिथे गोळा होतात, जंतूंना गिळतात, मोठ्या जंतूभोवती थरावर थर रचून त्याला कोंडतात. मग तिथे मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य साचून काळा डाग पडतो. त्या डागालाच रोग समजणारे पुष्कळ भेटतात. तो तर कोळंबीने दिलेल्या झुंजीची खूण असतो.

प्रश्न: आणि खाद्यात मिसळायच्या बीटा-ग्लुकनला ‘कोळंबीची लस’ म्हटलेलं वाचलं, ते?

उत्तर: चुकीचं आहे, आणि मला ते धोक्याचंही वाटतं. लस म्हटलं की लोक एकदा देऊन निर्धास्त होतात. बीटा-ग्लुकन यीस्टच्या पेशीभित्तीतून मिळतं. यीस्ट ही बुरशीच, म्हणून बुरशी आत शिरल्यासारखं वाटून रक्तपेशी सावध होतात, पण हा परिणाम काही काळाने ओसरतो आणि तो एखाद्या ठरावीक रोगापुरताही नसतो. ‘प्रतिकार-उत्तेजक’ लिहा.

प्रश्न: मग ‘प्रतिकारशक्ती’ शब्दही बदलायचा?

उत्तर: नको, तो योग्य आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘उपजत प्रतिकारशक्ती’ लिहा, पुढे नुसतं ‘प्रतिकारशक्ती’ पुरेल.