सगळी मिशन्स नकोत, आधी ही आकडेमोड करा

फोंड्याच्या आठवीच्या मुलांनी सहा आठवड्यांत फर्स्ट लेगो लीगची (लेगोच्या रोबोंची शालेय स्पर्धा) सगळी मिशन्स, म्हणजे रोबोने टेबलावर करायची गुणांची कामं, बसवावीत, असं एकाने सुचवलंय. माझं मत उलट आहे. सामना 150 सेकंदांचाच असतो आणि त्यातले बरेच सेकंद होममध्ये (टेबलावरची रोबो सुटण्याची जागा) अटॅचमेंट, म्हणजे रोबोला जोडायचा हात, बदलण्यात जातात. पिनांनी घट्ट बसवलेला हात बदलायला 15 सेकंद सहज लागतात, वरून नुसता ठेवायचा हात 3-4 सेकंदांत बसतो. बांधणी करताना हे पहिलं बघा.

प्रत्येक मिशन सलग 10 वेळा चालवून वहीत नोंद करा. 30 गुणांचं मिशन 9 वेळा जमलं तर सरासरी 27. 60 गुणांचं 4 वेळाच जमलं तर 24, वर वेळ दुप्पट. शिवाय रोबो होमच्या बाहेर अडकला आणि हाताने उचलला की सुरुवातीच्या 6 प्रिसिजन टोकनांपैकी एक जातं; उरलेल्या टोकनांचे शेवटी गुण मिळतात. 6 किंवा 5 टोकनं उरली तरी 50 गुण मिळतात, म्हणजे पहिली चूक माफ. 4 उरली की थेट 35.

म्हणून खात्रीच्या फेऱ्या आधी, धाडसाची अगदी शेवटी. तीन सामन्यांतला सर्वोत्तम स्कोअरच धरतात, तेव्हा पहिल्यात खात्रीचे गुण पदरात पाडून घ्या आणि तिसऱ्यात नवीन मिशन लावा.

आणखी एक, जायरो (रोबो किती अंश वळला हे मोजणारा सेन्सर) रिसेट होताना रोबोला कुणाचंही बोट लागू देऊ नका. दोन अंशांचा फरक मीटरभर अंतरावर साडेतीन सेंटीमीटर होतो, आणि हात मिशनच्या मॉडेलला न लागता बाजूने निघून जातो.