मदत हवी आहे: हशा मुलीवर जातोय, वरमायवर कसा वळवू?

गणपतीत आमच्या वाडीसाठी (मालवण तालुका) २५ मिनिटांचं मालवणी प्रहसन बसवतोय. 'चेडू गोरा व्हया' (मुलगी गोरी हवी) म्हणत आलेलं स्थळ, एवढीच गोष्ट. क्रीमच्या नावातलं 'फेअर' २०२० मध्ये गेलं, वरमायचा हट्ट काही गेला नाही, हा विनोद छान चालतो. पण ती मुलीला 'तव्याची बुडी' म्हणते तिथे तालमीला बसलेले मुलीलाच हसतात. वाडीतली पोरं आता तोच टोमणा रस्त्यात मारतात!

वरमायला पावडर थापून पाहिली, हशा वाढला, रोख तोच राहिला. टोमणा काढला तर प्रवेशच पडला.

आता दशावतारातला, म्हणजे आपल्या कोकणच्या लोकनाट्यातला, संकासुर मध्ये आणावा म्हणतोय. काळा वेष, काळा मुखवटा, तोंडी मालवणी, आणि लोकांचा लाडका. तो वरमायची उलटतपासणी घेईल. धास्ती एकच: तो वेद चोरणारा दैत्य, म्हणजे 'काळा तो राक्षस' हेच पक्कं व्हायचं.

मुलीचं काम करणारी अकरावीतली आहे, खरंच सावळी. तोंडाला काळं फासणं आणि शेवटी भाषण, दोन्ही नको.

दशावतारात काम केलेल्यांनी सांगा: संकासुर टोमण्याआधी आणू की नंतर, आणि त्याचं पहिलं वाक्य कोणाला उद्देशून असावं?