अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा बघताना भलत्याच सीनला रडू आलं

खारावारा:
काल रात्री अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा (२०१९) बघितला, अंतराळात हरवलेल्या बापाला शोधायला निघालेल्या अंतराळवीराचा पिक्चर. स्पॉयलर आहेत, बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा. सगळे म्हणतात शेवटी नेपच्यूनपाशी बाप दोर सोडायला लावतो तिथे रडू येतं, मला तिथे काहीच झालं नाही, माझं मंगळावरच झालं. रॉयला (ब्रॅड पिट) बापासाठी मेसेज रेकॉर्ड करायला बसवतात, आधी तो लिहून दिलेलं वाचतो, एकदम सरकारी, आणि मग एकदा ते सोडून मनातलं बोलायला लागतो... तिथे पॉज करून किचनमध्ये जाऊन पाणी प्यायलो.

माझे बाबा बोटीवर होते, नऊ-नऊ महिने. पोर्टला लागले की शेजाऱ्यांकडे फोन यायचा, आई रिसीव्हरला कान लावून उभी आणि हळूच सांगायची, मार्क सांग, दात पडला ते सांग. मी पोपटासारखा बोलायचो. बाबा 'बरं बरं, आईला दे'. संपलं. आता रिटायर होऊन घरीच असतात, तरी बोलणं तेवढंच. कोणाला असं झालंय का, की मीच जास्त करतोय?

बोकोबा:
सॉरी, मला झोप आली. मधेच ती माकडं कुठून आली?? नासाच्या व्हॉयेजर २ यानाला नेपच्यूनपर्यंत १२ वर्षं लागली (१९७७ ते १९८९), हा पठ्ठ्या मंगळावरून अडीच-तीन महिन्यांत पोचतो आणि वर पत्र्याची ढाल करून नेपच्यूनच्या कड्यांमधून उडी मारतो. चंद्रावरचा पाठलाग मात्र कडक. कॅमेरा इंटरस्टेलरवाल्या होयटेमाचा आहे, ते दिसतंच.

निशिगंध_२:
माकडांबद्दल +१. मला तर बापाचा रागच आला. तोंडावर सांगतो की तुझी नि तुझ्या आईची मला कधी पर्वा नव्हती, आणि मुलगा म्हणतो माहितीये, तरी प्रेम आहे. मी असते तर यानाच्या दारातूनच परत आले असते. आणि रॉयची बायको ईव्ह, तिला धड बोलायलाही देत नाहीत पिक्चरभर, ते कोणालाच खटकत नाही. खारावारा, तुमची आई फोन हातात आल्यावर काय बोलायची हो?

मधल्या_आळीतला:
मी पलीकडच्या बाजूचा. २६ वर्षं इंजिन रूममध्ये काढली. 'आईला दे' का म्हणायचो सांगतो, मागे चार जण लाईनीत, मिनिटाला डॉलर जातायत, आणि पोरगी आता कितवीत हेच आठवत नसायचं, मग विचारणार काय. क्लिफर्ड, म्हणजे रॉयचा बाप, मला पटला नाही, त्याला परत यायचंच नाहीये, आम्हाला यायचं असायचं, फक्त आलं की तिसऱ्या आठवड्यात पाहुण्यासारखं वाटायला लागायचं. रॉयची पल्स ८० च्या वर जात नाही ना, त्याला लोक हसले, मला ते शंभर टक्के खरं वाटलं. खाली धूर झाला तरी मी शांत, पण मुलीच्या शाळेत मीटिंगला गेलो की शर्ट ओला.

खारावारा:
निशिगंध, गॅस संपलाय, नंबर लावलाय, एवढंच आठवतंय. काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, कुठल्या कंपनीत होते विचार.