अनुभव धागा: 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' तुम्ही उपासनेत कसं वाचता?

जॉन बन्यनचं हे पुस्तक १६७८ चं, ख्रिस्ती नावाच्या यात्रेकरूच्या स्वर्गनगरीपर्यंतच्या वाटचालीची रूपककथा. मराठीत हरि केशवजींनी ते १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' म्हणून आणलं. इंदुरातल्या मराठी मंडळींपैकी कोण अजून वाचतं? मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. गोष्ट सांगत बसू नका, तुमच्या कामी कुठे आली ते लिहा.

सुदामानगर: सासूबाईंच्या दुखण्यात प्रार्थनेला बसले तरी शब्द फुटायचे नाहीत. तेव्हा संशयगडाचा भाग रोज थोडा थोडा वाचायचे. खडबडीत वाट सोडून कुरणातल्या मऊ पायवाटेला लागलेले ख्रिस्ती आणि त्याचा सोबती निराशा राक्षसाच्या तावडीत सापडतात. बुधवार ते शनिवार कोठडीत, अन्नपाणी नाही, वर सोट्याचा मार. शनिवारी मध्यरात्री प्रार्थना सुरू होते आणि पहाटेच्या सुमारास ख्रिस्तीला आठवतं, अभिवचनाची किल्ली तर आपल्याच छातीशी आहे! मला धीर दिला तो पुढच्या तपशिलानं. बाहेरच्या लोखंडी दाराचं कुलूप निघता निघत नाही. किल्ली खरी, तरी झटापट करावीच लागते. मी त्या दारापाशीच होते.

तिलकनगर: संडे स्कूलमध्ये यात्रेकरूंच्या वाटेवरचा व्यर्थतेचा बाजार सांगितला. पहिला प्रश्न: "तिथे गराडू (आपला इंदुरी तळलेला कंद) मिळतात का?" 😄 ख्रिस्तीच्या सोबत्याला, विश्वासूला, जाळतात तिथे मात्र सगळी चिडीचूप.

राजवाडा: मी ख्रिस्ती नाही. पण आजीकडून नाथांची भारुडं ऐकत वाढलो. 'विंचू चावला'तला विंचू म्हणजे कामक्रोध हे घरातच कळलेलं, त्यामुळे हे रूपक परकं वाटलं नाही. भारूड चारचौघांत रंगतं, हे एकट्यानं वाचायचं, एवढाच फरक. मधले संवाद लांबतात. पण बन्यन म्हणजे भांडी दुरुस्त करणारा माणूस, उपदेश केला म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात १२ वर्षं काढलेला. त्याला पाल्हाळ माफ.

छावणी: मला शेवट पचत नाही. अज्ञान नावाचा यात्रेकरू बिचारा होडीनं मरणाची नदी उतरून थेट स्वर्गनगरीच्या दाराशी येतो आणि तिथून त्याला हातपाय बांधून नेतात! रात्रीच्या उपासनेत हे वाचलं की झोप उडते.

सुदामानगर: @छावणी, अहो, त्याच्याजवळ आत जायचा दाखलाच नव्हता, स्वतःच्या चांगुलपणावर विसंबून आला होता. तरी तुमचं म्हणणं पटतं, कठोर आहेच. १६८४ चा दुसरा भाग वाचा. त्यातला भित्रा यात्रेकरू वाटभर डगमगतो, पण तो नदीशी पोचतो तेव्हा पाणी कधी नव्हे इतकं उतरलेलं असतं.

छावणी: मराठीत दुसरा भाग कुणाकडे आहे का? झेरॉक्सचे पैसे मी देईन.