'प्रिटेंड', 'पगार' आणि तोतया शब्द

मांडवीकाठ
ब्राझीलच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी टिपणं करायची आहेत. 'आय प्रिटेंड टू ट्रॅव्हल इन जुलै' हे वाक्य हमखास येतं. म्हणायचं असतं 'जुलैत प्रवासाचा बेत आहे', कारण पोर्तुगीज 'प्रेतेंदेर' म्हणजे बेत असणं. इंग्रजी 'प्रिटेंड' म्हणजे सोंग करणं. अशा जोड्यांना 'फॉल्स फ्रेंड' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? 'खोटे मित्र' लिहिलं होतं, संपादनात ते खोडलं गेलं.

कोशपाल
खोडलं ते बरं झालं. मराठीत खोटा मित्र म्हणजे दगा देणारा माणूस. तो शब्दप्रयोग 1928 मध्ये फ्रेंचमध्ये रूढ झाला, तोही इंग्रजी शब्दांच्या संदर्भातच. आपण 'समरूप भिन्नार्थी शब्द' म्हणावं.

चावीवाला
'समरूप भिन्नार्थी' म्हटलं की एकाच भाषेतला 'कर' आठवतो: हात आणि सारा. दोन भाषांमधली फसगत त्यात कुठेच येत नाही. मराठीत शिक्षा भोगतात, हिंदीत शिक्षा घेतात, 'चेष्टा'चंही तसंच. माझं मत 'तोतया शब्द'. या जोडीला तर तो चपखल बसतो. इंग्रजीत गादीवर हक्क सांगणारा तो 'प्रिटेंडर', आणि पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो आपला तोतया. लॅटिन मुळात अर्थ 'पुढे ताणणं, पुढे करणं'. इंग्रजीत पुढे केली ती सबब, तिचं सोंग झालं. पोर्तुगीजांनी पुढे ठेवला तो बेत.

कोशपाल
मग तोतया कोण? तोतया म्हटलं की एक अस्सल आणि एक नक्कल. तुम्हीच दाखवलंत की हे दोघे सख्खे भाऊ आहेत.

दर्यावर्दी
नाव काहीही ठेवा, पण नुसत्या यादीने चूक सुटत नाही. ब्राझीलमध्ये दारावर 'पुशी' असा वाचला जाणारा शब्द असतो, त्याचा अर्थ ओढा. इंग्रजी 'पुश' दिसलं की हात आपोआप दार ओढतो. ती जोडी एकदा दारापाशी उभं करून शिकवली की पुरते. खरा त्रास अर्थ जुळतो पण रचना जुळत नाही अशा क्रियापदांचा. 'आय पेड द कॉफी' घ्या. पोर्तुगीज 'पगार' हे क्रियापद वस्तूला थेट कर्म करतं आणि माणसाआधी शब्दयोगी लावतं. इंग्रजीत माणूस, बिल, भाडं, दंड, रक्कम हे थेट; विकत घेतलेल्या वस्तूआधी मात्र 'फॉर'. मराठी शिक्षकाला हे सोपं जावं, कारण आपण बिल भरतो, कॉफी भरत नाही. कॉफीचे पैसे देतो. जिथे मराठीत 'चे पैसे' येतं तिथे 'फॉर'.

घाटमाथा
म्हणजे आपला महिन्याचा पगार तोच? मला वाटायचं 'पग'वरून असेल, पायपिटीचा मोबदला.

चावीवाला
तोच. 'पग' ही लोकव्युत्पत्ती झाली. चावी, पाव, बटाटा आले त्याच वाटेने पगारही आला. क्रियापदाचं मूळ रूप आपण नाम म्हणून घेतलं, आणि त्यात वावगं काही नाही. खुद्द पोर्तुगीजमध्ये 'जांतार' म्हणजे जेवणं आणि रात्रीचं जेवणही.

कोशपाल
मग 'वेतन' असताना टिपणात पगार नको.

घाटमाथा
वेतन आयोगाचं असतं, हातात पडतो तो पगार. चारशे वर्षांहून जास्त पोर्तुगीज राज्य गोव्यात होतं, शब्द येणारच. तो आता आपलाच.

मांडवीकाठ
'पे फॉर' घेतलं. याच जातीचं आणखी काही?

दर्यावर्दी
'एस्पेरार'. एकाच शब्दात वाट पाहणं, आशा असणं आणि अपेक्षा असणं. मराठीसारखी इंग्रजीतही तीन वेगळी क्रियापदं: वेट, होप, एक्स्पेक्ट. त्यात 'वेट'ला पुन्हा 'फॉर' लागतं, म्हणून 'आय अ‍ॅम वेटिंग यू' ही चूक. 'पेर्देर' म्हणजे हरवणं आणि चुकणं, म्हणून 'आय लॉस्ट द बस'. आपली बस चुकते, हरवत नाही.
काळाचं जास्त सांभाळा. 'तेन्यू त्रबल्यादू' दिसतं 'आय हॅव वर्क्ड'सारखं, अर्थ मात्र 'हल्ली काम करतोय', म्हणजे 'आय हॅव बीन वर्किंग'. उलट 'जेवलोय' या अर्थी पोर्तुगीजात साधा भूतकाळ चालतो, म्हणून 'हॅव' गळतं.

चावीवाला
तिथे मराठीतला 'जेवलोय' अगदी नेमका आहे. त्यावरूनच शिकवावं.

दर्यावर्दी
पूर्ण नाही. मराठीत 'तो काल आलाय' बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत 'यस्टरडे'बरोबर 'हॅज कम' चालत नाही. 'मी 2019 पासून इथे राहतो' या वाक्यात तर मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही वर्तमानकाळ वापरतात, म्हणजे 'आय लिव्ह हिअर सिन्स 2019' ही चूक शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्या तोंडून येणार. तिथे मराठीचा आधार घ्यायचाच नाही, 'सिन्स' दिसलं की 'हॅव' शोधायची सवय लावायची.

कोशपाल
'काल आलाय' बिनदिक्कत? लेखी मराठीत 'काल आला' हवं.

घाटमाथा
'पाहुणे कालच आलेत' कुठल्या घरात म्हणत नाहीत?

मांडवीकाठ
मथळ्याची जागा अजून रिकामीच आहे.